अललडुर्र ते सिंघम अगेन

आधीच सांगतो, मी काही समीक्षक वगैरे नाही. शुक्रवारी ऑफिसातली टोळी जमली आणि तिकिटं मिळाली की मी जातो. पॉपकॉर्नच्या किमतीवर कुरकुर करतो, सिनेमा संपला की पार्किंगमध्ये उभं राहून मत ठोकतो. तेव्हा खाली जे काही आहे ते पार्किंगमधलं मत समजा. फरक एवढाच की मी मूळचा सांगलीचा, त्यामुळे सिनेमावर बोलता बोलता एकदम १८४३ सालात जायची मला खोड आहे.

तर 'सिंघम अगेन'. २०२४ ची दिवाळी. हिरोची बायको पळवली जाते, थेट लंकेला नेली जाते, आणि हे रामायण आहे हे कुणाच्या नजरेतून सुटू नये म्हणून शेजारी रामलीलाही चालू ठेवलेली. मध्येच सिम्बा येतो, थिएटर खदाखदा हसतं. मग गाड्या उडतात. बाहेर आल्यावर टोळीतल्या एकाने निकाल दिला: "नुसता गोंगाट आणि माकडचेष्टा. पूर्वी असं नव्हतं राव."

आता हे 'पूर्वी' म्हणजे नक्की कधी? कारण मला जे 'पूर्वी' माहीत आहे, त्यात अगदी हेच होतं.

झालं असं. १८४०च्या आसपास कर्नाटकातून भागवत मंडळींचा खेळ सांगलीत आला. सांगलीचे राजे चिंतामणराव आप्पासाहेब पटवर्धन यांनी तो पाहिला. कल्पना आवडली, पण त्यातला धांगडधिंगा काही फारसा पसंत पडला नाही. त्यांनी आपल्या पदरच्या विष्णुदास भावे नावाच्या तरुणाला सांगितलं की असंच काहीतरी मराठीत, पण जरा नीटनेटकं करून दाखव. थोडक्यात, रिक्वायरमेंट स्पष्ट होती: तेच हवं, पण आपल्या भाषेत आणि सुधारून. १८४३ साली भाव्यांनी 'सीतास्वयंवर' उभं केलं. ५ नोव्हेंबरला आपण मराठी रंगभूमी दिन पाळतो तो याचाच.

शाळेत आपल्याला एवढंच शिकवतात. तो खेळ दिसायचा कसा हे कुणी सांगत नाही, आणि खरी गंमत तिथेच आहे. सूत्रधार मागे उभा राहून पदं म्हणणार. गणपती येणार, सरस्वती येणार. विदूषक येऊन सूत्रधाराची फिरकी घेणार. पदं लिहिलेली असायची, पण गद्य संवाद बहुतेक नटांनी आयत्या वेळी जुळवायचे. आणि मग राक्षस! तलवार परजत, आरोळ्या ठोकत, 'अललल डुर्र' असा काहीतरी आवाज काढत तो रंगभूमीवर घुसायचा. लोकांना हा राक्षस इतका आवडला, की पुढे त्या सगळ्या नाटकांनाच शिकलेले लोक नाक मुरडून 'अललडुर्र नाटकं' म्हणायला लागले. नुसता गोंगाट आणि माकडचेष्टा, हेच त्यांचं म्हणणं होतं.

म्हणजे बघा, माल काय होता? सगळ्यांना आधीच माहीत असलेली गोष्ट. अंगावर येणारा राक्षस. आणि मधूनमधून हसवायला विदूषक. 'सिंघम अगेन'मध्ये यापेक्षा नवीन काय आहे? राक्षसाच्या जागी उडती स्कॉर्पिओ आली, एवढंच.

पैशाची बाजूही तशीच. सुरुवातीला राजाचा आश्रय होता, तोवर चिंता नव्हती. १८५१ साली आप्पासाहेब वारले आणि आश्रय आटला. मग भावे मंडळी घेऊन गावोगाव निघाले आणि १८५३ मध्ये मुंबईला पोचून तिकीट लावून खेळ केले. एक राजा खूश करण्यापेक्षा तिकीट काढून आलेले शेकडो लोक खूश करणं फार अवघड. त्या शेकडो लोकांनी राक्षसाला उचलून धरलं. बॉक्स ऑफिस म्हणतात ते यापेक्षा वेगळं काय असतं?

मग पुढे १८८० साली अण्णासाहेब किर्लोस्करांचं 'संगीत शाकुंतल' आलं आणि अललडुर्र मागे पडलं. पण फॉर्म्युला मेला नाही. त्यातल्या राक्षसाचं आणि विदूषकाचं नशीब मात्र वेगवेगळं निघालं. मला सांगायचंय ते त्याबद्दल.

राक्षसाला पत्ता लागत नाही. तो कुठेही धुमाकूळ घालू शकतो. पुरावा हवा असेल तर सांगलीहून कृष्णेच्या काठाने वर, वाईला चला. मुंबई-पुण्याहून जवळ, दगडी घाट, जुने वाडे, देवळं, आजूबाजूला डोंगर, आणि पसरणी घाट चढलं की युनिटला राहायला पाचगणी. सिनेमावाल्यांना आणखी काय हवं? 'गंगाजल'मध्ये (२००३) वाई-सातारा परिसर बिहार झाला. 'स्वदेस'मध्ये (२००४) मेणवली उत्तर प्रदेशातलं चरणपूर झाली. 'दबंग'मध्ये (२०१०) वाई पुन्हा उत्तर प्रदेश. आणि 'चेन्नई एक्स्प्रेस'मध्ये (२०१३) चक्क तमिळनाडू! मेणवलीत नाना फडणवीसांचा वाडा आहे, वसईच्या मोहिमेनंतर आणलेली पोर्तुगीज घंटा आहे, पण पुण्याहून बाईक काढून जाणारे निम्मे लोक तिथे शाहरुख कुठे उभा होता ते विचारतात.

याच्या उलटी एक गंमत आहे. सयाजी शिंदे आपल्या सातारा जिल्ह्यातले. त्यांनी २००० साली 'भारती' या तमिळ सिनेमात महाकवी सुब्रह्मण्य भारतींची मुख्य भूमिका केली. म्हणजे सातारचा माणूस तमिळ कवी झाला आणि तेरा वर्षांनी सातारचं गाव तमिळ खेडं झालं. दोन्ही खपलं! मला याचं वाईट बिलकुल वाटत नाही. हॉटेलवाल्यांना, जीपवाल्यांना, गर्दीत उभ्या राहणाऱ्या पोरांना चार पैसे मिळतात. पण एवढ्या सिनेमांत वाई 'वाई' म्हणून कितींदा दिसली, हा प्रश्न पडतोच.

विदूषकाचं तसं नाही. विदूषकाला पत्ता लागतो. तो कुणाच्या गावात उभा आहे, समोर कोण बसलंय, कुणाची खोडी काढायची, हे माहीत नसेल तर त्याचा विनोद पडतो.

इथे पुन्हा सांगलीच. शेजारच्या हरिपूरचे गोविंद बल्लाळ देवल. त्यांचं 'शारदा' १८९९ चं. म्हाताऱ्याला बोहल्यावर चढायची हौस, पैशासाठी पोरगी द्यायला तयार झालेला बाप. लोक हसले आणि हसता हसता ओशाळले, कारण असा म्हातारा प्रत्येकाच्या ओळखीत होता. त्यांचं 'संशयकल्लोळ' तर मूळचं फ्रान्सचं. मोलिएरची कॉमेडी इंग्रजीमार्गे आली, १८९३ मध्ये 'फाल्गुनराव' झाली आणि १९१६ मध्ये संगीताचा साज चढवून 'संशयकल्लोळ' म्हणून रंगभूमीवर आली. पण फाल्गुनराव बघताना कुणाला पॅरिस आठवतं? तो आपल्याच आळीतला संशयी काका वाटतो. तेव्हा 'हा तर रिमेक आहे' असं म्हणून नाक मुरडणाऱ्यांनी जरा दमानं घ्यावं. कुठून उचललं याला महत्त्व नाही, कुठे आणून ठेवलं याला आहे.

दुसरा पत्ता सांगलीजवळच्या कवलापूरचा. काळू-बाळू म्हणजे लहू आणि अंकुश खाडे, जुळे भाऊ, तमाशातले सोंगाडे. 'जहरी प्याला' या वगातले त्यांचे हवालदार ज्यांनी पाहिले ते आजही सांगताना आधी स्वतःच हसतात. जुळेपणाचा घोळ ही विनोदातली जगातली सर्वांत जुनी युक्ती असेल. पण समोरचा प्रेक्षक कोण? आयुष्यभर हवालदाराला घाबरलेला शेतकरी. त्याला एक रात्र हवालदारावर हसायला मिळायचं. हे छोटं काम नाही.

तिथून सिनेमात यायला एकच माणूस पुरतो: वसंत सबनीस. त्यांचं 'विच्छा माझी पुरी करा' हे लोकनाट्य दादा कोंडक्यांनी गाजवलं. तमाशाचाच साचा, त्यात ताजं राजकारण. मग १९७१ चा 'सोंगाड्या' त्यांनीच लिहिला. आणि १९८८ चा 'अशी ही बनवाबनवी'ही सबनीसांचाच! तोही रिमेकच, हृषीकेश मुखर्जींच्या 'बीवी और मकान'चा (१९६६). मूळ सिनेमा आज फार कुणाला आठवत नाही. बनवाबनवी मात्र आपल्या पिढीला तोंडपाठ आहे, आणि त्याचं कारण मला विचाराल तर अशोक सराफ-लक्ष्या जितके, तितकीच ती पुण्यातली भाड्याची खोली. नोकरीसाठी पुण्यात आलेल्या प्रत्येक सांगली-सातारकराने एक तरी तसा घरमालक भोगलेला असतो. मीही भोगलाय. बॅचलर म्हटल्यावर दार लावून घेणारा माणूस १९८८ मध्ये होता, आयटी पार्क आल्यावरही होता. साडी नेसायची वेळ आली नाही, एवढंच.

एक धागा तर इतका जुळून येतो की मी रचलाय असं वाटेल. विष्णुदास भाव्यांनी कळसूत्री बाहुल्याही केल्या होत्या. कित्येक वर्षं पडून राहिलेल्या त्या बाहुल्या रामदास पाध्यांनी दुरुस्त करून पुन्हा हलत्या केल्या. आणि त्याच पाध्यांनी १९९३ च्या 'झपाटलेला'साठी तात्या विंचू घडवला. कल्पना अमेरिकन 'चाइल्ड्स प्ले'वरून घेतलेली, बाहुला मात्र अस्सल मराठी! राक्षस आणि विदूषक एकाच बाहुल्यात. त्या तात्या विंचूला आवाज दिला दिलीप प्रभावळकरांनी. हे नाव लक्षात ठेवा, परत लागणार आहे.

आता तुम्ही म्हणाल, विदूषकाला पत्ता मिळो न मिळो, आपल्याला काय? सिनेमा बघायचा, हसायचं, घरी जायचं.

मला फरक पडतो, आणि त्याचं कारण भाषा. सांगली-सातारकडची बोली मोठ्या पडद्यावर इतकी वर्षं कुणाच्या तोंडी होती आठवून बघा. घरगडी, हवालदार, पाटलाचा चमचा. हिरो शहरी मराठी बोलणार, आणि 'काय करायलाईस' म्हणणारा आला की लोकांनी हसायचं. काळू-बाळूंच्या वगात हीच बोली दुसऱ्यावर हसायची. सिनेमात आल्यावर लोक तिच्यावर हसायला लागले. पुण्यात नव्यानं आलेला पोरगा पहिल्या महिन्यात आपलं 'व्हय' गिळून 'हो' म्हणायला शिकतो, मीटिंगमध्ये तर जपूनच बोलतो, ते काय उगाच? 'सैराट'ने (२०१६) करमाळ्याकडची बोली नायक-नायिकेच्या तोंडी दिली, टीव्हीवर 'लागिरं झालं जी'ने (२०१७) सातारी दिली, तेव्हा आमच्याकडच्या लोकांची मान जी जरा ताठ झाली ती यामुळे.

हा पत्त्याचा नियम घेऊन अलीकडचे सिनेमे बघितले की माझा हिशोब सोपा होतो. 'हाउसफुल ५' (२०२५): जहाजावरचा सिनेमा, एवढे सगळे नट, वर दोन वेगवेगळे शेवट आणि दोन व्हर्जन एकाच दिवशी रिलीज! पण ते जहाज कुठलं, ती माणसं कुठली, काही पत्ता नाही. सगळेच विदूषक आणि समोर कोण बसलंय याची कुणाला खबर नाही. दोन दिवसांत डोक्यातून साफ. त्याच वर्षीचा 'गुलकंद': आमच्या सांगलीची सई ताम्हणकर, समीर चौघुले, मध्यमवर्गीय घरं आणि जोडप्यांमधला संशय. म्हणजे देवलांच्याच दुकानातला माल. ग्रेट वगैरे म्हणणार नाही, लांबलाय. पण आईबरोबर बघताना ती तीन ठिकाणी ओळखीच्या माणसांची नावं घेऊन हसली. कॉमेडीला यापेक्षा मोठं सर्टिफिकेट मी मानत नाही.

आणि 'दशावतार' (२०२५). कॉमेडी नाही, पण तिकीटबारीवर दणदणीत चाललेला मराठी सिनेमा. नायक ऐंशी ओलांडलेला, म्हणजे आपले तात्या विंचू, दिलीप प्रभावळकर. विषय कोकणातल्या दशावतारी नटाचा. दशावतार म्हणजे भाव्यांच्या नाटकाचाच जवळचा नातेवाईक: तसाच सूत्रधार, तेच देव, तेच आरडाओरडा करणारे राक्षस. राक्षसाला पत्ता लागत नाही असं मी वर म्हटलं, ते खरंच आहे. पण कुणी त्याला नेमकं गाव, नेमकी बोली आणि नेमकी देवराई दिली, की तोही किती अंगावर येतो हे इथे दिसलं.

म्हणून गोंगाटाला माझी ना नाही. उडत्या गाड्या उडू देत, आपण १८५३ पासून त्याची तिकिटं काढतोय. माझं मागणं एवढंच आहे: वाईच्या घाटावर कधीतरी एक कॉमेडी शूट व्हावी, आणि तिच्यात त्या गावाचं नाव वाईच असावं.