खोक्यावर नसलेले नाव

(रेडिओवरील भाषणाचा संपादित अंश)

२०१७ साली माझ्या जुन्या लॅपटॉपने मान टाकायला सुरुवात केली. विंडोज उघडेपर्यंत चहा करून, पिऊन, कप विसळून व्हायचा. भाचा म्हणाला, 'मामा, फेकू नकोस, त्यावर लिनक्स टाकून बघ.' टाकले. यंत्र तरतरीत झाले. पण आतले वाय-फायचे कार्ड आधीच निकामी झालेले, त्यामुळे बाहेरून लावायचा यूएसबी अ‍ॅडॉप्टर घेणे आले. भाच्याने स्वतःचा लावून दाखवला, तो लावताक्षणी चालला. मग मी लॅमिंग्टन रोडला जाऊन त्याच कंपनीचा, त्याच नावाचा, अगदी तसल्याच खोक्यातला अ‍ॅडॉप्टर मागितला. लिनक्सवर चालेल ना, असे विचारल्यावर दुकानदार म्हणाला, 'अंकल, विंडोजची गॅरंटी देतो. लिनक्सचं आपल्याला माहीत नाही.'

आणलेला अ‍ॅडॉप्टर चालला नाही. दोन संध्याकाळी त्यात गेल्या, तेव्हा उलगडा झाला. खोक्याच्या तळाशी, बारकोडशेजारी, भिंगातून वाचावी अशी 'आवृत्ती २' ही खूण होती. भाच्याचा होता आवृत्ती १. मधल्या काळात कंपनीने आतली चिप बदलली आणि नाव तेच ठेवले. विंडोजवाल्याला याने काही फरक पडत नाही, कारण सोबत सीडी येते. फरक पडतो तो माझ्यासारख्याला. आणि ज्या नावाने फरक पडतो, ते चिपचे नाव खोक्यावर कुठेच नाही.

असे का, याचा शोध घेताना मला एक चांगला वीसेक वर्षांचा इतिहास सापडला. तो आज सांगतो.

चिपशी बोलायची एक भाषा असते. तिच्या कोणत्या कप्प्यात कोणता आकडा ठेवला की ती काय करील, याची ती यादी. ही भाषा जाणणारा दुभाषा म्हणजे ड्रायव्हर. लिनस टोरवाल्ड्स या हेलसिंकीच्या एकवीस वर्षांच्या विद्यार्थ्याने १९९१ साली लिनक्स जाहीर केले, तेव्हापासून त्याचे ड्रायव्हर मुख्यतः स्वतः प्रोग्रॅमरच लिहीत आले. माहिती मिळाली की कुणीतरी लिहायचेच. कीबोर्ड, डिस्क, नेटवर्कच्या तारा, सगळे हळूहळू मार्गी लागले. वायरलेस तेवढे अडले.

अडले, कारण ते रेडिओ आहे. आमच्या पिढीला आठवत असेल, घरातल्या साध्या रेडिओसाठीसुद्धा पोस्टात पैसे भरून लायसन्स घ्यावे लागे. ऐकायला लायसन्स, मग प्रक्षेपणाचे काय विचारता! वाय-फायचा अ‍ॅडॉप्टर हे एक चिमुकले प्रक्षेपण केंद्रच असते. अमेरिकेने १९८५ साली काही लहरी विनापरवाना वापराला खुल्या केल्या, १९९७ साली वायरलेस नेटवर्कचे पहिले मानक आले आणि १९९९ नंतर कार्डे बाजारात दिसू लागली. आपल्याकडे २.४ गिगाहर्ट्‌झचा पट्टा २००५च्या जानेवारीत परवानामुक्त झाला. पण परवाना नको म्हणजे नियम नको असे नाही. या पट्ट्यातली किती चॅनेल वापरायची हे देशोदेशी वेगळे. अमेरिकेत अकरा, युरोपात तेरा, जपानने चौदावेही दिलेले. शक्ती किती, हेही ठरलेले. आणि नव्या चिपांमध्ये हे सारे ठरवत होता तो ड्रायव्हर.

इथे कंपन्यांना कारण मिळाले. आम्ही ड्रायव्हर उघडा केला तर उद्या कुणीही शक्ती वाढवील, नको त्या चॅनेलवर जाईल आणि सरकार आम्हाला धरील, असे त्या म्हणू लागल्या. यात तथ्य नव्हते असे नाही. पण माझे मत विचाराल तर भीतीइतकाच त्यात धंद्याचा हिशेबही होता. शेजारच्या दुकानदाराला आपला मसाला कळू नये, हीच जुनी गोष्ट.

या काळातली ब्रॉडकॉम कंपनीची हकिकत सर्वांत गमतीची. तिच्या चिपा अनेक लॅपटॉपांत होत्या आणि लिनक्ससाठी ड्रायव्हर नव्हता. त्याच कंपनीची चिप घालून लिंक्सिस कंपनीने डब्ल्यूआरटी ५४जी नावाचा निळा-काळा, दोन शिंगांचा राउटर काढला. तो तडाखेबंद खपला. २००३ साली काही चौकस मंडळींनी त्याच्या पोटात डोकावून पाहिले, तर आत चक्क लिनक्स! म्हणजे डब्यातले लिनक्स त्या चिपशी बोलत होते आणि आपल्या टेबलावरचे मुके. लिनक्सचा परवाना सांगतो की वाटा, विका, पण सोबत मूळ कोड द्या. तो दिलेला नव्हता. त्याच वर्षी सिस्कोने लिंक्सिस विकत घेतली आणि गळ्यात हे लोढणेही आले. ओरड झाल्यावर कोड बाहेर आला, त्यातून २००४ साली ओपनडब्ल्यूआरटी हा मुक्त प्रकल्प उभा राहिला. पण खुद्द रेडिओशी बोलणारा तुकडा तेवढा बंद डबीतच राहिला.

तोवर लोक काय करत? 'एनडिसरॅपर' नावाची एक युक्ती होती. विंडोजचाच ड्रायव्हर आणायचा आणि आपण विंडोजमध्येच आहोत अशी त्याची समजूत करून द्यायची. चालायचे, कधी न चालायचे. ज्यांना हे पटले नाही त्यांनी अवघड वाट धरली. त्यांनी दोन गट केले. पहिल्या गटाने ब्रॉडकॉमच्या बंद ड्रायव्हरचे यंत्रभाषेतले आकडे वाचून चिप कशी वागते ते साध्या शब्दांत लिहून काढायचे. दुसऱ्याने मूळ ड्रायव्हर न पाहता, फक्त त्या वर्णनावरून, नवा ड्रायव्हर लिहायचा. एकाने पदार्थ चाखून कृती लिहावी आणि दुसऱ्याने तो पदार्थ कधीही न चाखता त्या कृतीवरून करावा, तसे. हा सोवळ्याचा थाट कशासाठी? तर उद्या कोर्टात कुणी 'चोरी केली' म्हणाले तर हात स्वच्छ असावेत म्हणून. २००६च्या जूनमध्ये, २.६.१७ या आवृत्तीसह, तो ड्रायव्हर लिनक्सच्या गाभ्यात गेला. तरीही चिपमध्ये भरायचे फर्मवेअर वाटायला परवानगी नव्हती. ते प्रत्येकाने ब्रॉडकॉमच्या ड्रायव्हरमधून आपापले कापून घ्यायचे! त्यासाठी एक खास कातरी लिहिलेली होती.

अ‍ॅथेरॉस या दुसऱ्या मोठ्या कंपनीने मधला मार्ग काढला होता. ड्रायव्हर उघडा, पण त्याच्या पोटात एक बंद गोळा, आणि लहरींचे नियम त्या गोळ्यात. ओपनबीएसडी या दुसऱ्या मुक्त प्रणालीच्या लोकांनी तोही उलगडला. मग २००८ साली कंपनीने स्वतःच हात सैल केला. लिनक्सच्याच एका प्रोग्रॅमरला नोकरीवर घेतले, जुलैमध्ये नव्या चिपांचा पूर्ण उघडा ड्रायव्हर दिला आणि सप्टेंबरमध्ये जुन्या गोळ्याचा कोडही. आभाळ काही कोसळले नाही. देशोदेशीच्या चॅनेलांची यादी लिनक्सने स्वतःच ठेवायला घेतली. इंटेल आणि रालिंक या कंपन्या आधीपासूनच ड्रायव्हर देत होत्या, आणि २०१०च्या सप्टेंबरमध्ये ब्रॉडकॉमनेही नव्या चिपांसाठी उघडा ड्रायव्हर दिला.

दरम्यान कायद्याचाही हिशेब झाला. लिंक्सिसच्या उपकरणांतील कोड नीट दिला जात नाही म्हणून फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशनने २००८च्या डिसेंबरमध्ये सिस्कोवर दावा लावला; २००९च्या मे महिन्यात तडजोड झाली.

म्हणजे भांडण बरेचसे मिटले. फर्मवेअर मात्र बहुतेक चिपांचे आजही बंदच आहे. अ‍ॅथेरॉसच्या एका यूएसबी चिपचे ते २०१३ साली उघडे झाले, हा अपवाद. आणि खोक्यावर चिपचे नाव अजूनही नसते.

ते कळायचा एक मार्ग भाच्याने दाखवला. अ‍ॅडॉप्टर लावून 'एलएसयूएसबी' ही आज्ञा दिली की तो स्वतःची ओळख सांगतो. चार अक्षर-आकडे कंपनीचे, चार वस्तूचे. या जोडीवरून चिप सापडते. पण त्यासाठी आधी तो विकत घ्यावा लागतो, ही त्यातली मेख. म्हणून पुढच्या खेपेला मी चालणाऱ्या चिपांची नावे आणि आवृत्त्या चिठ्ठीवर लिहून दुकानात गेलो. दुकानदाराने चिठ्ठी उलटसुलट पाहिली, पोऱ्याला माळ्यावर चढवले. धूळ बसलेली चार खोकी खाली आली. तिसऱ्याच्या तळाशी 'आवृत्ती १' होते. जुना माल म्हणून तो स्वस्त देईल असे मला वाटले होते. त्याने माझा चेहरा पाहिला आणि छापील किमतीहून एक रुपया कमी केला नाही.