नारोशंकराची घंटा आणि दुतोंड्या मारुती

गोदावरीला पूर आला की नाशिककर पाण्याची उंची फुटांत विचारत नाहीत. पाणी घाटावरच्या दुतोंड्या मारुतीच्या गुडघ्याला लागले की कमरेला, छातीपर्यंत चढले की डोक्यावरून गेले, एवढे कळले की पुरे. याहून मोठ्या पुरासाठी नारोशंकराची घंटा आहे आणि सराफ बाजारातल्या सरकारवाड्याच्या पायऱ्या आहेत. एक मूर्ती, एक देऊळ आणि एक वाडा अशी ही पूरमापनाची व्यवस्था कोणत्याही सरकारी खात्याने आखलेली नाही. नदीकाठच्या लोकांनी ती पाहता पाहता ठरवली आणि पुढच्या पिढ्यांनी तशीच चालू ठेवली.

उंचावरून प्रदेश न्याहाळता येईल आणि पाहणाऱ्याच्या डोळ्यांतही भरेल अशा वास्तू महाराष्ट्रात जुन्या आहेत. दौलताबादचा चांदमिनार पंधराव्या शतकातला, बहमनी अमदानीतला. मुंबई विद्यापीठाचा राजाबाई टॉवर १८७८ साली पूर्ण झाला आणि बरीच वर्षे लोक त्यावर चढून शहर पाहत. नाशिकच्या नदीकाठी असा मनोरा नाही. इथे वास्तूवर चढायचे नसते, काठावर उभे राहून वास्तूकडे पाहायचे असते. निरीक्षण मात्र तितकेच काटेकोर असते.

असे निरीक्षण इथेच का रुजले, हे नदीच्या स्वभावावरून कळते. गोदावरी त्र्यंबकेश्वरच्या ब्रह्मगिरीवर उगम पावते. तिथून नाशिक अवघे तीसेक किलोमीटर. सह्याद्रीच्या माथ्यावर धो धो पाऊस लागला की पाणी काही तासांत शहरात येते, आणि नाशकात त्या वेळी नुसती भुरभुर असली तरी नदी फुगलेली असते. पश्चिमेकडून आलेला प्रवाह रामकुंडाजवळ दक्षिणेला वळतो. वळणाच्या एका अंगाला जुने नाशिक, दुसऱ्या अंगाला पंचवटी. जुनी वस्ती टेकाडांवर आहे, आणि त्यातली जुनी गढी म्हणजे तर माणसांच्या अनेक शतकांच्या वास्तव्याने साचलेला मातीचा ढीगच. १९५०–५१ मध्ये ह. धी. सांकलिया आणि शां. भा. देव यांनी इथे उत्खनन केले, तेव्हा या वस्तीचे प्राचीनत्व थरांनिशी समोर आले. राहायला माणसे उंचावर गेली, पण व्यापार खाली उतरला. सराफ बाजार, भांडी बाजार, दहीपूल हा सखल भाग नदीच्या हाताशी आहे. पूर किती चढणार हा प्रश्न त्यामुळे इथे पहिल्यापासून दुकानदाराचा प्रश्न राहिला.

पंचवटीच्या काठावरचे रामेश्वराचे देऊळ नारोशंकराचे देऊळ म्हणूनच ओळखले जाते. सरदार नारोशंकर राजेबहादर यांनी ते १७४७ साली बांधले. खर्च १८ लाख रुपये झाला असे सांगितले जाते. नारोशंकर मूळचे दाणी. पेशव्यांच्या उत्तरेतल्या कारभारात त्यांचे नाव मोठे होते. १७४२ पासून काही वर्षे ते झाशीचे सुभेदार होते, मालेगावचा भुईकोट त्यांचाच. देवळाचे शिखर नागर पद्धतीचे असून अंगावर मोर, माकडे, हत्ती यांची दाट नक्षी आहे. पण देवळाला ओळख मिळाली ती भोवतालच्या तटामुळे. सुमारे ११ फूट उंचीचा हा तट, त्याच्या कोपऱ्यांवर छत्र्या आणि नदीकडच्या बाजूला, प्रवेशद्वारावर, मधल्या छत्रीत टांगलेली ती प्रसिद्ध घंटा.

घंटा पोर्तुगीज घडणीची आहे आणि तिच्यावर १७२१ हे साल आहे. चिमाजी अप्पांनी मे १७३९ मध्ये वसईचा किल्ला जिंकला, त्यानंतर तिथल्या चर्चमधल्या घंटा विजयाची खूण म्हणून देशावर आल्या आणि ठिकठिकाणच्या देवळांत लागल्या. भीमाशंकरची १७२९ सालची घंटा आणि वाईजवळच्या मेणवलीची १७०७ सालची घंटा याच कुळातल्या मानल्या जातात. नाशिकच्या घंटेचा नाद पाच मैलांवर ऐकू येई, अशी प्रसिद्धी आहे. लोकांच्या तोंडी मात्र नादापेक्षा तिची जागा अधिक राहिली. तटाच्या माथ्यावर, नदीच्या अगदी समोर टांगलेली ही जड वस्तू जागची हलत नाही. काठावर कोठूनही ती दिसते. घंटेला पाणी लागले म्हणजे महापूर, हे मोजमाप त्यातूनच पक्के झाले. विजयाची निशाणी आधी, देवाची घंटा नंतर आणि पुराची रेघ सर्वांत शेवटी, असा हा क्रम आहे. बांधणाऱ्यांच्या मनात यातले शेवटचे काम असण्याचे काही कारण दिसत नाही.

एकोणिसाव्या शतकातला मोठा पूर १८७२ चा. नदीच्या लोंढ्याने देवळासमोरची भक्कम चिरेबंदी भिंत बरीचशी वाहून नेली आणि ती नंतर पुन्हा बांधावी लागली. देऊळ उभे राहिले. आजच्या तटाकडे पाहताना तो सगळाच अठराव्या शतकातला नाही, हे त्यामुळे ध्यानात ठेवावे लागते. विसाव्या शतकातला पूर म्हणून जुने नाशिककर सांगतात तो सप्टेंबर १९६९ चा. त्या वेळी पाणी सराफ बाजारातून वर चढत पेशवेकालीन सरकारवाड्याच्या पायऱ्यांपर्यंत आले. नदीकाठाहून इतक्या आत असलेल्या पायऱ्यांना तेव्हापासून पूररेषेचा मान मिळाला.

दुतोंड्या मारुती या मानाने अलीकडचा. रामकुंडाच्या खालच्या अंगाला, घाटाच्या फरसबंदीवर तो उभा आहे. पाठीला पाठ लावलेली दोन रूपे एकाच मूर्तीत असल्याने नदीच्या वरच्या आणि खालच्या, दोन्ही बाजूंनी मारुतीचे मुख दिसते. शिल्प म्हणून ही रंगवलेली मूर्ती साधीच आहे. नारोशंकराच्या देवळावरच्या कोरीवकामाशी तिची तुलना करण्यात अर्थ नाही. पण मोजमापाच्या कामात तिने देवळाला मागे टाकले, आणि त्याचे कारण अगदी सरळ आहे. घंटेला पाणी लागण्याचा प्रसंग पिढीत एखाददुसरा. मारुतीच्या पायाला मात्र जवळपास दर पावसाळ्यात पाणी लागते. शिवाय मूर्ती माणसाच्या आकाराची असल्याने घोटा, गुडघा, कंबर, छाती, गळा या खुणा तिच्यावर आयत्याच आहेत, त्या वाचायला शिकावे लागत नाही. घाटावरचे टपरीवाले, पूजासाहित्य विकणारे आणि गंगेवरच्या, म्हणजे गोदाकाठच्या, बुधवारच्या बाजारातले विक्रेते याच खुणांवर माल हलवायचा की नाही हे ठरवत आले. वर्तमानपत्रांनीही हीच भाषा उचलली. ऑगस्ट २०१६ आणि ऑगस्ट २०१९ मध्ये मूर्ती पूर्ण बुडाली, तेव्हा बातमीचा मथळा कोणता असणार हे वाचकाला आधीच ठाऊक होते.

जगात याची जोड पॅरिसमध्ये सापडते. सीन नदीवरच्या अल्मा पुलाला १८५६ साली सैनिकांचे चार पुतळे बसवले गेले, क्रिमियाच्या युद्धातल्या विजयाचे स्मारक म्हणून. त्यातला झुआव्ह पलटणीचा सैनिक पॅरिसकरांचे पूरमाप झाला. जानेवारी १९१० च्या महापुरात पाणी त्याच्या खांद्यापर्यंत आले होते. १९७० च्या दशकात पूल नव्याने बांधताना चारांपैकी हा एकच पुतळा तिथे ठेवला गेला. याउलट कैरोजवळच्या रोडा बेटावरचा नवव्या शतकातला नाईलमापक मोजण्यासाठीच बांधलेला होता. विहिरीतल्या खांबावर हाताच्या मापाच्या रेघा होत्या आणि त्यांवरून त्या वर्षीचा शेतसारा ठरे. नाशिकचा मारुती पॅरिसच्या सैनिकाचा सोबती आहे. दोघांवरही रेघा आखलेल्या नव्हत्या, त्या लोकांनी पाहिल्या.

गंगापूर धरणाने नाशिकच्या या मोजमापाचा अर्थ बदलला. शहराच्या वरच्या अंगाला असलेले हे मातीचे धरण १९६५ साली पूर्ण झाले. त्यापूर्वी पूर म्हणजे त्र्यंबकचा पाऊस होता. आता पूर म्हणजे बऱ्याच अंशी धरणाचा विसर्ग. किती क्युसेक पाणी सोडणार हे पाटबंधारे खाते आधी जाहीर करते आणि नाशिककर त्या आकड्याचे मनातल्या मनात गुडघा किंवा कंबर असे भाषांतर करतात. मात्र १९६९ चा पूर धरण झाल्यावरचाच होता, हे विसरू नये. धरण भरलेले असताना पाऊस थांबला नाही तर दारे उघडण्यावाचून गत्यंतर नसते, आणि धरणाखालच्या ओढ्यानाल्यांचे पाणी तर कोणी अडवतच नाही. १९ सप्टेंबर २००८ च्या पुरात सराफ बाजार आणि भांडी बाजार पुन्हा पाण्याखाली गेले. त्यानंतर शहरासाठी निळी आणि लाल पूररेषा आखण्याचा प्रश्न ऐरणीवर आला. निळी रेषा पंचवीस वर्षांतून एकदा येऊ शकणाऱ्या पुराची, लाल रेषा शंभर वर्षांतल्या पुराची. नकाशावरच्या या रेषांनी बांधकामाचे नियम ठरतात, पण पुराच्या दिवशी नकाशा कोणी उघडत नाही.

मारुतीच्या मापाला एक मर्यादा आहे. मूर्ती पाण्याची पातळी दाखवते, पाणी किती वाहते आहे हे दाखवत नाही. पात्र अरुंद झाले, पुलांचे खांब वाढले किंवा तळ उंचावला, तर पूर्वीइतक्याच पाण्यात मूर्ती जास्त बुडते. रामकुंड परिसरात सिंहस्थ कुंभमेळ्याच्या निमित्ताने घाट आणि कुंडांच्या तळात काँक्रीट घातले गेले, आणि ते काढावे यासाठी न्यायालयापर्यंत लढाही झाला. त्यामुळे आजोबांच्या काळातले छातीपर्यंतचे पाणी आणि आजचे छातीपर्यंतचे पाणी एकच मानणे बरोबर ठरत नाही. घंटेचेही तसेच. सिंहस्थाची मुख्य स्नाने श्रावण-भाद्रपदात, म्हणजे नेमकी पुराच्या हंगामात येतात, म्हणून हा फरक केवळ अभ्यासकांच्या कामाचा नाही.

नारोशंकराचे देऊळ आणि दुतोंड्या मारुती पाहायला हिवाळा किंवा उन्हाळा उत्तम. पात्र उतरलेले असते, मूर्तीला चारी बाजूंनी फिरून येता येते आणि मान वर करून घंटा पाहिली की पाणी तिथवर चढण्याचा अर्थ कळतो. तिथून नदी ओलांडून सरकारवाड्यापर्यंत चालत जावे, म्हणजे १९६९ च्या पुराचा पल्ला पायांखालून जातो. पूर पाहायचा असेल तर तो अहिल्यादेवी होळकर पुलावरून किंवा वरच्या रस्त्यावरून, पोलिसांनी जिथवर जाऊ दिले असेल तिथूनच पाहावा. पाणी मारुतीच्या पायाला लागलेले असताना घाटावर उतरू नये. पुढच्या तासाभरात ते कमरेला येऊ शकते.