ऐतिहासिक प्रणयकथेतील अबोल नायिका

समारंभात भिंतीलगत राहणारी, चारचौघांत न बोलणारी मुलगी आणि तिला लहानपणापासून ओळखणारा मित्र यांच्या प्रेमाची कथा. इंग्रजीत जेन ऑस्टिनच्या ‘मॅन्सफिल्ड पार्क’ (१८१४) मधील फॅनी प्राइस हा तिचा जुना नमुना. ज्युलिया क्विनच्या कादंबरीतील पेनलपीमुळे व ‘ब्रिजर्टन’ मालिकेच्या तिसऱ्या पर्वामुळे (२०२४) ती घरोघरी पोचली.

मराठीत ही कथा अशीच्या अशी सापडत नाही. कारण पेशवाईत लग्ने बालपणी होत. मैत्री जमायची ती लग्नानंतर. म्हणून रणजित देसाई यांच्या ‘स्वामी’तील (१९६२) रमाबाई व माधवराव पेशवे ही जोडी या प्रकाराला सर्वांत जवळची. विवाह १७५३ चा, तेव्हा माधवराव आठ वर्षांचे. सोबत वाढलेल्या दोघांतला जिव्हाळा देसाईंनी मोजक्या संवादांत उभा केला आहे. १७७२ मध्ये थेऊरला माधवराव वारले, रमाबाई सती गेल्या. सुखान्ताला इतिहासानेच जागा ठेवली नाही. ना. सं. इनामदारांच्या ‘राऊ’मधील मस्तानी मात्र मुळीच अबोल नाही.

मराठवाड्याचा ऐतिहासिक कादंबरीशी संबंध मुख्यतः समीक्षेचा. नांदेडच्या पीपल्स कॉलेजचे नरहर कुरुंदकर यांनी देसाईंच्याच ‘श्रीमान योगी’ला दीर्घ प्रस्तावना लिहिली. मराठवाड्यातलेच, लातूर जिल्ह्यातील उदगीर १७६० च्या मराठे-निजाम लढाईमुळे इतिहासात आहे. अशा भूमीवर बेतलेल्या कादंबरीत रणांगणच पुढे येते, आणि अबोल मुलीच्या वाट्याला बहुधा दोनचार ओळी.