विद्युत्कणांचें शास्त्र आणि व्यवस्थापनाची विद्या

विश्वविद्यालयांतून आज जे नानाविध अभ्यासक्रम चालतात, त्यांत इलेक्ट्रॉनिक अभियांत्रिकी आणि व्यवस्थापन यांची सांगड घालणारा अभ्यासक्रम पाहून जुन्या पिढीच्या गृहस्थांस थोडें नवल वाटतें. रेडिओच्या पोटांतील तारांचें गूढ उकलणारा विद्यार्थी आणि माणसांच्या नेमणुका व हिशेबाच्या वह्या पाहणारा कारभारी, हे दोघे एकाच बाकावर कसे बसावे? एकाला निसर्गाच्या नियमांशीं काम, तर दुसऱ्याला मनुष्यस्वभावाशीं. ही शंका साहजिक आहे. परंतु या सांगडीचा इतिहास पाहिला म्हणजे असें दिसून येतें कीं, ती शिक्षणशास्त्रज्ञांच्या लहरीनें पडलेली नाहीं. कारखान्यांच्या नडीनें ती पडलेली आहे.

या इतिहासाचा आरंभ अमेरिकेंत होतो. बोस्टन येथील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी या संस्थेनें १८८२ सालीं विजेच्या अभियांत्रिकीचा अभ्यास सुरू केला. तेथून १८९५ सालीं विद्युत्-अभियांत्रिकीची पदवी घेऊन बाहेर पडलेल्यांत जेरार्ड स्वोप व आल्फ्रेड स्लोन हे दोन तरुण होते. पुढें स्वोप १९२२ सालीं जनरल इलेक्ट्रिक कंपनीचे आणि स्लोन १९२३ सालीं जनरल मोटर्सचे अध्यक्ष झाले. विजेचें गणित शिकलेल्या माणसावर शेवटीं हजारों माणसांचा कारभार येऊन पडतो, हें यावरून ध्यानांत यावें. संस्थेच्या चालकांच्याही तें ध्यानांत आलें, आणि १९१४ सालीं तेथें 'अभियांत्रिकी प्रशासन' या नांवाचा स्वतंत्र अभ्यासक्रम निघाला. १९५२ सालीं स्लोन यांच्याच निधीच्या देणगींतून त्याच ठिकाणीं औद्योगिक व्यवस्थापनाचें विद्यालय उभें राहिलें.

परंतु या दोन विद्यांची खरी गांठ पडली ती शिकागोजवळील हॉथॉर्न येथें. वेस्टर्न इलेक्ट्रिक कंपनीच्या या अवाढव्य कारखान्यांत टेलिफोनचीं यंत्रें तयार होत. दिव्यांचा उजेड वाढविला तर कामगारांचें काम वाढतें काय, हें पाहण्यासाठीं १९२४ सालीं तेथें प्रयोग सुरू झाले. प्रश्न सर्वस्वीं विजेच्या इंजिनिअरांचा होता. उत्तर मात्र विलक्षण आलें. उजेड वाढविलेल्या तुकडीचें काम वाढलें, आणि ज्या तुकडीचा उजेड मुळींच वाढविला नव्हता तिचेंही वाढलें! उजेडापलीकडील कांहीं कारण येथें काम करीत आहे, हें उघड झालें. तें कारण शोधतां शोधतां कामगारांच्या मनाचा, त्यांच्या परस्परसंबंधांचा आणि वरिष्ठांच्या वागणुकीचा अभ्यास सुरू झाला, व तो १९३२ पर्यंत चालला. या प्रयोगांच्या निष्कर्षांविषयीं पुढें पुष्कळ वाद झाले. पण व्यवस्थापनाच्या ग्रंथांत त्यांचें स्थान अद्यापि अढळ आहे.

त्याच १९२४ सालच्या मे महिन्यांत, त्याच टेलिफोन-उद्योगांतील वॉल्टर शूहार्ट या शास्त्रज्ञानें आपल्या वरिष्ठांस एक लहानसें टिपण धाडलें. त्यांत एक आलेख होता. एकाच यंत्रावर, एकाच हातानें केलेल्या वस्तूही अगदीं सारख्या निघत नाहींत. थोडाफार फरक राहतोच. शूहार्ट याचें म्हणणें असें कीं, हा फरक दोन जातींचा असतो. एक केवळ योगायोगाचा, तो राहावयाचाच. दुसरा कांहीं विशिष्ट कारणानें उद्भवलेला, म्हणजे यंत्र झिजलें, माल बदलला, अथवा कामगार नवखा आला. आलेखावर वर एक व खालीं एक अशा दोन मर्यादारेषा आंखून ठेवाव्या. मोजमाप त्यांच्या आंत असेल तोंपर्यंत यंत्राला हात लावूं नये, आणि बाहेर गेलें कीं कारण शोधावें. तयार झालेला वाईट माल वेंचून फेकण्यापेक्षां वाईट माल निर्माणच होऊं न देणें शहाणपणाचें, हें तत्त्व या दोन रेषांनीं गणिताच्या पायावर उभें केलें.

या विद्येची खरी कसोटी मात्र जपानांत लागली. १९४५ च्या ऑगस्टांत जपान शरण गेला, तेव्हां त्याचीं बहुतेक मोठीं शहरें जळून गेलेलीं होतीं. जनरल मॅकार्थर यांच्या हाताखालील प्रशासनाला आपले हुकूम व नवे विचार लोकांपर्यंत पोंचविण्यास रेडिओ हवा होता. परंतु संच थोडे, आणि जे नवे निघत ते लवकरच मुके होत. दोष बहुतांशीं निर्वात नळ्यांचा असे. नळींतील तापणारी बारीक तार, तिच्याभोंवतींची जाळी आणि पत्रा हीं सारीं अगदीं नेमक्या अंतरावर बसवून आंतील हवा काढून घ्यावी लागते. धुळीचा कण किंवा हवेचा अंश राहिला कीं नळी निकामी होते.

जपानी पंडितांस हें शास्त्र येत नव्हतें काय? चांगलें येत होतें. आपल्याकडे दूरदर्शन आलें तेव्हां घरोघरीं कौलांवर व गच्च्यांवर जो आडव्या दांड्यांचा सांगाडा उभा राहिला, तो सेंदाई येथील विश्वविद्यालयांतील उदा व यागी या दोघां जपानी संशोधकांनीं १९२६ च्या सुमारास शोधून काढलेला होता. ज्या देशाच्या विश्वविद्यालयांत इतकें ज्ञान होतें, त्याच देशाच्या कारखान्यांत साधी नळी धड बनत नव्हती. विद्या प्रयोगशाळेंत होती. ती कारखान्याच्या जमिनीपर्यंत उतरली नव्हती. या विसंगतींतच या विषयाचें सारें मर्म सांठविलेलें आहे.

प्रशासनाच्या दळणवळण खात्यांत १९४६ सालीं होमर सारासोन नांवाचा एक अमेरिकन रेडिओ-इंजिनिअर दाखल झाला. त्याचें वय अवघें तिशीच्या घरांत होतें. पुढें १९४८ सालीं वेस्टर्न इलेक्ट्रिकमधून चार्ल्स प्रॉट्झमन हा अनुभवी इंजिनिअर त्याला येऊन मिळाला. कारखाने हिंडून पाहिल्यावर दोघांचेंही मत एक झालें. जुने वरिष्ठ अधिकारी युद्धकाळांतील संबंधांमुळें दूर केले गेले होते, आणि त्यांच्या जागीं बसलेल्या नव्या मंडळींना कारखाना चालविण्याचा अनुभव बेताचाच होता. त्यांना नुसती यंत्रें देऊन भागण्यासारखें नव्हतें. त्यांना कारभार शिकविणें अवश्य होतें.

यावर प्रशासनांतच मतभेद उत्पन्न झाला. जपानला हें शिकवाल तर उद्यां तो आपलाच प्रतिस्पर्धी होऊन उभा राहील, असा अर्थखात्याकडून आक्षेप आला. सारासोन यांनीं पुढें सांगितलेल्या हकीकतीप्रमाणें, मॅकार्थर यांनीं दोन्ही पक्षांचें म्हणणें ऐकून घेतलें आणि अभ्यासक्रम सुरू करण्याची आज्ञा दिली. आक्षेप घेणारांचें भाकीत कांहीं वर्षांनीं खरें ठरलें, हें सांगावयास नकोच. पण उपाशी व कर्जबाजारी जपान जन्मभर पोसणें, की त्याला पायांवर उभें करणें, असा पेंच त्या वेळीं समोर होता.

१९४९ सालीं टोकियो येथें व त्यामागून ओसाका येथें हा वर्ग भरला. आठवड्यांतून चार दिवस, रोज चार तास, असा तो आठ आठवडे चाले. विद्यार्थी म्हणजे विजेचीं व दळणवळणाचीं यंत्रें करणाऱ्या कारखान्यांचे प्रमुख अधिकारी. पाठ्यपुस्तक त्या दोघां इंजिनिअरांनींच लिहिलें होतें. धोरण, संघटना, नियंत्रण आणि प्रत्यक्ष कार्य असे त्याचे चार भाग होते. आरंभींच प्रश्न टाकला होता: कंपनी असतेच मुळीं कशासाठीं? 'पैसा मिळविण्यासाठीं' हें उत्तर तेथें पुरेसें मानलें जात नसे. उदाहरण म्हणून अमेरिकेंतील एका जहाजकारखान्याचें ब्रीद पुढें ठेवलें होतें. त्याचा आशय असा कीं, नफा झाला तर उत्तम, तोटा झाला तरी सोसूं, पण जहाज मात्र चांगलेंच बांधूं. विद्युत्-अभियंत्यांच्या वर्गांत धंद्याच्या नीतीचा हा धडा पहिल्या दिवसाचा होता, हें विसरतां कामा नये.

जपानचा पुढील उत्कर्ष एकट्या या वर्गामुळें झाला असें म्हणणें मात्र अतिशयोक्तीचें होईल. १९४६ सालीं तेथील शास्त्रज्ञ व अभियंते यांनीं आपला संघ स्थापिला होता. त्याच्या निमंत्रणावरून १९५० च्या जुलैंत एडवर्ड्स डेमिंग यांनीं संख्याशास्त्रीय गुणनियंत्रणावर व्याख्यानें दिलीं, आणि त्यांच्या नांवाचें पारितोषिक १९५१ पासून सुरू झालें. कोरियाच्या युद्धामुळें कारखान्यांना मागणीही मिळाली. शिवाय कष्ट जपानी लोकांचेच. इबुका हा अभियंता आणि मोरिता हा पदार्थविज्ञानाचा पदवीधर, या दोघांनीं १९४६ सालीं काढलेली लहानशी कंपनी पुढें सोनी या नांवानें जगास ठाऊक झाली. तिनें १९५५ सालीं जपानचा पहिला ट्रान्झिस्टर रेडिओ बाजारांत आणला. मोरिता यांचें घराणें साके नांवाचें मद्य करणारें. धंद्याचे धडे त्यांना लहानपणींच वडिलांच्या पेढीवर मिळालेले होते. दोन विद्यांचा संगम येथें दोन मित्रांच्या रूपानें झाला.

भारताचा या कथेशीं संबंध जवळचा आहे. प्रशांतचंद्र महालनोबिस यांच्या निमंत्रणावरून स्वतः शूहार्ट हे १९४७-४८ च्या हिवाळ्यांत, म्हणजे डेमिंग यांच्या जपानांतील व्याख्यानांच्या दोन वर्षें आधीं, भारतांत येऊन गेले होते. बीं येथेंही पडलें होतें. पुढें १९६१ सालीं कलकत्त्याची व्यवस्थापन संस्था मॅसॅच्युसेट्सच्या त्याच विद्यालयाच्या साह्यानें निघाली. मुंबईंत १९६३ सालीं औद्योगिक अभियांत्रिकीची राष्ट्रीय संस्था व १९६५ सालीं मुंबई विद्यापीठाची जमनालाल बजाज संस्था स्थापन झाली. यांपैकीं पहिलीच २०२३ सालीं भारतीय व्यवस्थापन संस्था, मुंबई, या नांवानें ओळखली जाऊं लागली. ज्ञानाची वाण येथें नव्हती. पण परवान्यांच्या त्या दीर्घ काळांत टेलिफोनसाठीं वर्षानुवर्षें रांगेंत थांबणाऱ्या ग्राहकाला माल नाकारण्याची सोयच नव्हती. आणि जेथें ग्राहक नाकारूं शकत नाहीं, तेथें शूहार्टच्या दोन रेषा भिंतीवरच राहतात.

तेव्हां आज जो विद्यार्थी सकाळीं ट्रान्झिस्टरचें गणित सोडवितो व दुपारीं संघटनेचे सिद्धांत वाचतो, त्यानें आपण दोन निरनिराळे विषय शिकत आहों असें मानूं नये. नळी कां बिघडली, हा एकच प्रश्न तो दोन बाजूंनीं विचारीत असतो. कधीं दोष तारेंत सांपडतो, कधीं माणसाला दिलेल्या हुकुमांत. दोन्हीकडे पाहण्याची दृष्टि ज्याला आली, त्याच्या हातीं कारखाना निर्धास्तपणें सोंपवावा.