शून्य, स्वल्पविराम आणि आमची आत्या

"अहो बाई, माझं जरा ऐकून तर घ्या!"

आमची आत्या फोनवर ओरडत होती. २०२० सालच्या फेब्रुवारीतली सकाळ. मी रजा काढून महाळुंगे पडवळला घरी आलो होतो आणि ओसरीवर पेपर वाचत पडलो होतो. आत्याचं वय तेव्हा ७८. आवाज मात्र नोकरीला लागली तेव्हाचाच, खणखणीत.

"कोण आहे गं?" मी विचारलं.

तिनं रिसीव्हरवर तळहात ठेवला. "तुमच्याच बँकेतली बाई आहे. नानांचा हप्ता थकलाय म्हणते. नाना फोन उचलत नाहीत म्हणून इथं केलाय. मी म्हणतेय, नाना शेजारीच राहतात, निरोप देते. तर ही आपली बोलतेच आहे. मधे श्वाससुद्धा घेत नाही मेली!"

मी रिसीव्हर कानाला लावला. "...त्वरित शाखेशी संपर्क साधावा. धन्यवाद," असं म्हणून बाईनं फोन ठेवून दिला.

"आत्या, ती बाई नव्हे. कॉम्प्युटर आहे तो. तोच नंबर लावतो आणि तोच बोलतो."

आत्या क्षणभर गप्प झाली. मग तिनं विचारलं, "नंबर लावायची नोकरी कॉम्प्युटरला दिली कुणी?"

आमच्या आत्यानं ३६ वर्षं मुंबईत फोर्टातल्या एका कचेरीचा टेलिफोन बोर्ड सांभाळला. त्यामुळे हा प्रश्न विचारायचा अधिकार तिला होता. उत्तर द्यायचा मला मुळीच नव्हता. मी बी.कॉम. आहे आणि बँकेत कारकून आहे. तरीसुद्धा पुढं बरेच दिवस मी त्या उत्तराच्या मागे लागलो. जे हाती आलं ते सांगतो. तारखा बरोबर असतील. बँकेत तारीख चुकली की मेमो मिळतो, त्यामुळे तेवढी सवय लागली आहे.

तर या नोकरीची सुरुवात अमेरिकेत कॅन्सस सिटी नावाच्या गावात झाली. तिथं आल्मन स्ट्राउजर नावाचा एक गृहस्थ होता. धंदा अंत्यविधीचा. गोष्ट अशी सांगतात, की गावात त्याच धंद्यातला दुसरा एक माणूस होता आणि त्याची बायको टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होती. कुणाच्या घरी माणूस गेलं आणि घरच्यांनी स्ट्राउजरचा फोन मागितला, की ही पतिव्रता तो आपल्या नवऱ्याला जोडून द्यायची! गावात माणसं मरताहेत आणि आपल्याकडे मात्र शुकशुकाट, हे पाहून स्ट्राउजर पेटला. मधली बाईच नको, म्हणून त्यानं आपोआप फोन जोडणारं यंत्र काढलं. १८९१ साली त्याला पेटंट मिळालं आणि १८९२ साली इंडियाना राज्यातल्या ला पोर्ट गावी तसलं पहिलं एक्स्चेंज सुरू झालं.

मी ही गोष्ट आत्याला सांगितली. ती म्हणाली, "ती बाई चुकलीच. पण एका बाईपायी जगातल्या सगळ्या बायांना काढून टाकायचं?"

आपल्याकडे कलकत्ता, मद्रास आणि मुंबईला एक्स्चेंजेस निघाली ती १८८२च्या जानेवारीत. ती सगळी माणसांच्या हातांनी चालणारी. आपोआप चालणारं पहिलं एक्स्चेंज १९१३-१४च्या सुमाराला सिमल्याला आलं. साहेब उन्हाळ्यात तिथं राहायचा, तेव्हा सोय आधी तिथं होणार, हे ओघानंच आलं. परगावचा फोन मात्र पुढं कितीतरी वर्षं ट्रंक कॉल म्हणून नोंदवावा लागे. साधा, अर्जंट आणि लाइटनिंग. लाइटनिंग म्हणजे वीज, पण तिचा प्रकाश मुख्यतः बिलावर पडे. नुसते आकडे फिरवून परगावी बोलायची सोय, म्हणजे आपली एसटीडी, १९६० साली लखनौ आणि कानपूर यांच्यामध्ये पहिल्यांदा सुरू झाली.

आत्या नोकरीला लागली १९६४ साली. तिच्यापुढं भोकांचा एक बोर्ड आणि दोऱ्यांचा गुंता. कुणीतरी फोन उचलला की त्याच्या नंबराची झडप पडायची. आत्या एक दोरी त्याच्या भोकात खुपसायची, "नंबर प्लीज" म्हणायची आणि दुसरी दोरी हव्या त्या भोकात. एवढ्याच कामाचा पगार होता. पण आत्या त्याखेरीज बरंच काही करायची. कुठले साहेब कुणाला 'जागेवर नाहीत' आणि कुणाला आहेत, हे तिला पाठ होतं. गावाकडून फोन आला आणि बोलणाऱ्याचा आवाज कापतोय असं वाटलं, तर ज्याचा फोन त्याला ती आधी म्हणायची, "बसून घ्या, गावाहून फोन आहे." मग पाणी पाठवायची आणि नंतर जोडून द्यायची. हे कुठल्या नियमावलीत नव्हतं.

बाहेरचा नंबर लावायला तिच्याकडे चकतीचा फोन होता. त्या चकतीतलं गुपित मला तिनंच सांगितलं. चकती परत फिरताना लाइन तेवढ्या वेळा तुटते आणि जुळते. तीन फिरवला की तीनदा, नऊ फिरवला की नऊदा, शून्य फिरवलं की दहादा. एक्स्चेंजमधलं यंत्र नुसतं मोजत बसतं. मला फार बरं वाटलं. आमच्या बँकेत शून्याला डावीकडे कुणी विचारत नाही. टेलिफोनवाल्यांनी मात्र त्याची किंमत दहा ठरवली होती. कचेरीतले लोक खासगी फोन करतात म्हणून साहेबांनी चकतीला बारकं कुलूप लावलं, तर त्यांचा शिपाई रिसीव्हरची खुंटी बोटानं टकटक टकटक दाबून खुशाल नंबर लावायचा. लाइन तोडली बोटानं काय आणि चकतीनं काय, मोजणाऱ्याला सारखंच. पुढं बटणांचे फोन आले. अमेरिकेत ते १९६३ साली निघाले. त्यात ठोक्यांऐवजी प्रत्येक आकड्याला दोन सूर एकदम वाजतात. म्हणजे चकतीला ठेका होता, बटणांना सूर मिळाला.

मग आत्याच्या कचेरीत ईपीएबीएक्स नावाचं खोकं आलं. आतल्या आत बोलायला दोन आकडे दाबायचे, बाहेर बोलायला आधी शून्य दाबायचं आणि मग नंबर. मधे बाई नाही. आत्याला दारापाशी टेबल मिळालं आणि टेबलावर फुलदाणी मिळाली. दोन्ही गोष्टींकडे तिनं निवृत्तीपर्यंत रागानंच पाहिलं.

गावाकडे मात्र याच यंत्रांनी उपकार केले, हेही सांगायला हवं. १९८४ साली सी-डॉट ही सरकारी संस्था निघाली. सॅम पित्रोदा त्यातले प्रमुख. विलायती एक्स्चेंजला वातानुकूलित खोली लागायची. आमच्याकडे तेव्हा डॉक्टरच्या खोलीत पंखा नव्हता, तर यंत्राला गारवा कोण देणार? सी-डॉटनं उन्हात आणि धुळीत चालणारं १२८ लाइनींचं खेड्यासाठीचं एक्स्चेंज तयार केलं. त्यातलं पहिलं १९८६ साली कर्नाटकात कित्तूरला बसलं. पुढं अशीच खोकी देशभर गेली आणि गावोगाव पिवळ्या पाटीचे पीसीओ दिसायला लागले. आमच्या गावाला 'स्वदेशी' हा शब्द वेगळा शिकवावा लागत नाही. बाबू गेनू आमच्या महाळुंगे पडवळचा. १२ डिसेंबर १९३० रोजी मुंबईत काळबादेवीला विलायती कापडाचा ट्रक अडवायला तो रस्त्यात आडवा झाला. ट्रक थांबला नाही. बाविशीतला पोर.

आता माझ्या नोकरीकडे येतो. मी २००० साली बँकेत लागलो. शाखा जुन्नर-आंबेगाव पट्ट्यातलीच. गावाचं नाव सांगत नाही आणि बँकेचंही नाही, कारण नोकरी अजून चालू आहे. दुसऱ्याच वर्षी हुकूम आला, की रोज संध्याकाळी दिवसभराचा हिशेब कॉम्प्युटरनं स्वतः फोन लावून पुण्याला कळवायचा. त्यासाठी मोडेम नावाची डबी आली. या डबीला नंबर लावायला शिकवलं ते हेज नावाच्या अमेरिकन कंपनीनं, १९८१ साली. तिला 'एटीडीटी' अशी अक्षरं लिहून पुढं आकडे द्यायचे. एटी म्हणजे अटेन्शन, डी म्हणजे डायल, शेवटचा टी म्हणजे सुरांनी. ठोक्यांनी लावायचा असला तर पी. अटेन्शन म्हटल्यावर ताबडतोब सावध होणारं आमच्या शाखेत तेवढं एकच होतं.

मुंबईहून आलेल्या इंजिनिअरनं पुण्याचा नंबर ०२० पासून पुढं घालून दिला आणि तो एसटीनं निघून गेला. संध्याकाळी कॉम्प्युटरनं फोन लावला. आमच्याकडेही ते ईपीएबीएक्स खोकं होतं. पुण्याचं पहिलं शून्य 'बाहेरची लाइन द्या' असं समजून खोक्यानं गिळलं आणि उरलेला नंबर तालुक्यातच घुमायला लागला. "कृपया नंबर तपासून पाहा," असं एक बाई गोड आवाजात सांगत होती आणि मोडेम तिला शिट्ट्या मारत होता. पोस्टातला माणूस असता तर निलंबित झाला असता.

मी बी.कॉम. असल्यामुळे एक शून्य वाढवलं. तरी जमेना. खोकं बाहेरची लाइन द्यायला सेकंद-दोन सेकंद घ्यायचं आणि तेवढ्यात मोडेम अर्धा नंबर बडबडून मोकळा व्हायचा. चार संध्याकाळी गेल्या. शनिवारी घरी आलो आणि आत्याला सांगितलं. ती नुकतीच निवृत्त होऊन गावी राहायला आली होती. ती भाजी निवडता निवडता म्हणाली, "अरे, शून्य फिरवल्यावर सूर येईपर्यंत थांबायचं असतं. एवढंही कळत नाही त्याला?"

सोमवारी मी मोडेमचं पुस्तक उघडलं. थांबायची सोय होती. आकड्यांच्या मधे स्वल्पविराम टाकला, की डबी दोन सेकंद गप्प बसते. शून्य, स्वल्पविराम, मग ०२०. त्या संध्याकाळी हिशेब पुण्याला पोचला. सातवीत मराठीच्या मास्तरांनी स्वल्पविरामावरून मला छड्या मारल्या होत्या. त्यांचे उपकार मी त्या दिवशी मानले.

पुढं पावसाळ्यात वीज पडून खोकं जळालं. वायरमननं मोडेमला सरळ बाहेरची लाइन जोडून दिली. आता मधे खोकंच नाही, पण आमचं जादा शून्य तसंच राहिलं. दोन शून्यं एकापुढे एक म्हणजे परदेश, आणि त्यापुढे २० म्हणजे इजिप्त! आधीच्या साहेबांचे चिरंजीव अमेरिकेत असल्यामुळे परदेशची सोय चालूच होती. बिल आलं तेव्हा कळलं, की आमच्या शाखेनं पिरॅमिडच्या देशातल्या कुणा सद्गृहस्थाला रोज संध्याकाळी आठ-आठ वेळा शिट्ट्या ऐकवल्या. डाव्या बाजूच्या शून्याला किंमत नसते, असं त्यानंतर मी म्हणत नाही.

तेव्हा मधली माणसं काढून टाकली तरी त्यांना जे ठाऊक होतं ते यंत्राला एकेक करून सांगावं लागतं. कुठं शून्य, कुठं सूर, कुठं थांबायचं. पुढं नंबर लावणारी यंत्रं पुष्कळ हुशार झाली. मोठ्या कचेऱ्यांत कॉम्प्युटर बोलायला बसलेल्या माणसांपेक्षा जास्त नंबर एकदम लावतो, कारण निम्मे लोक उचलणारच नाहीत हे त्यानं गणितानं काढलेलं असतं. गणित चुकून जास्त लोकांनी उचलले, तर तुमच्या कानात नुसती शांतता येते. तुम्ही "हॅलो, हॅलो" करत बसता. नंबर लावताना थांबायला आम्ही यंत्राला शिकवलं. बोलताना थांबायला शिकवायचं राहून गेलं.

आणि हे मला त्या फेब्रुवारीतल्या सकाळी आत्यानंच दाखवून दिलं. "नानांना निरोप दिलास का?" तिनं विचारलं.

तेव्हा मला एकदम आठवलं. महात्मा जोतीराव फुले शेतकरी कर्जमुक्ती योजनेच्या याद्या त्याच आठवड्यात यायला लागल्या होत्या. आमच्या शाखेच्या भिंतीवरच्या यादीत नानांचं नाव मी स्वतः पाहिलं होतं. दोन लाखांच्या आतलं त्यांचं पीककर्ज माफ व्हायचं होतं. त्यांनी आधार कार्ड घेऊन यायचं आणि अंगठा द्यायचा, एवढंच उरलं होतं. ते कळवायला मी शाखेतून त्यांना तीनदा फोन केला होता. त्यांनी उचलला नव्हता. भिंतीवर कर्जमाफी आणि फोनवर हप्त्याचा तगादा, दोन्ही एकाच बँकेचे. कॉम्प्युटरला भिंत वाचता येत नव्हती.

मी नानांकडे गेलो. मोबाइल गव्हाच्या डब्यात ठेवलेला होता.

"ती बाई रोज अकराला येती," नाना म्हणाले. "मपलं कायबी ऐकून घेत न्हाई. मंग म्या फोन उचलायचाच सोडला. नातीचा बी उचलीत न्हाई."

मी यादीचं सांगायला तोंड उघडलं आणि मिटलं. त्यांचं बोलणं संपलं नव्हतं. कांदा कसा सडला, बैल कशासाठी विकला, पोरगा चाकणला कंपनीत आहे पण कायम नाही, हे सगळं त्यांनी सांगितलं. चहा दोनदा झाला. अर्ध्या तासानं ते थांबले. सूर आल्यासारखा वाटला. मग मी यादीचं सांगितलं.

नानांनी काहीच उत्तर दिलं नाही. उठले आणि टोपी शोधायला लागले. टोपी डोक्यावरच होती.

अंगठ्याच्या यंत्रानं त्यांना दोनदा नाकारलं. औत धरून धरून अंगठ्याच्या रेषा पुसल्या होत्या. तिसऱ्यांदा मी त्यांचा हात पुसून दिला तेव्हा ते एकदाचं मान्य झालं.

दुसऱ्या दिवशी सकाळी अकराला घरचा फोन वाजला. आत्यानं उचलला. तीच बाई होती. आत्या म्हणाली, "नानांचं काम झालं हो बाई. आता तुम्हीही जरा टेका." बाई बोलतच राहिली. मी म्हटलं, "आत्या, ठेव ना. तिला ऐकू येत नाही."

आत्यानं मला हातानं गप्प केलं. बाईचं "धन्यवाद" होईपर्यंत ती रिसीव्हर कानाला लावून उभी राहिली आणि मग तिनं तो हळूच खाली ठेवला.

"समोरच्याचं बोलणं पुरं झाल्याशिवाय लाइन तोडायची नाही," ती म्हणाली. "३६ वर्षांत एकदाही तोडली नाही."