मेघांची पूर्वमर्यादा आणि उत्तरमर्यादा

कालिदासाचा काळ कसा ठरवतात, हे आपण वर्गात शिकवतोच. ‘मालविकाग्निमित्रा’चा नायक शुंगवंशीय अग्निमित्र, म्हणून कवी त्याच्या आधीचा नव्हे, इ. स. ६३४ च्या ऐहोळे शिलालेखात रविकीर्तीने कालिदासाचे नाव घेतले आहे, म्हणून त्याच्या नंतरचाही नव्हे. नेमके वर्ष कोणालाच ठाऊक नाही. ठाऊक आहेत त्या दोन मर्यादा. आमच्या बुटीबोरीहून रामटेक फार लांब नसल्यामुळे ‘मेघदूत’ आम्हांस काहीसे घरचे वाटते. परंतु आज लिहायचे आहे ते ताऱ्यांमधल्या मेघांविषयी, कारण त्यांची अंतरेही याच रीतीने ठरली.

१९०४ साली पोट्सडॅमच्या वेधशाळेत योहानेस हार्टमान मृग नक्षत्रातील बाणाच्या पश्चिमेकडच्या ताऱ्याचा वर्णपट तपासत होते. हा जोडतारा. त्याच्या भ्रमणामुळे वर्णपटातील रेषा मागेपुढे सरकत. कॅल्शियमची रेषा मात्र त्या हेलकाव्यात सामील होईना. ती ताऱ्याची नव्हे, वाटेतल्या वायूची, असा निष्कर्ष त्यांनी काढला. ज्याला आपण पोकळी म्हणत होतो तिच्यातले द्रव्य असे प्रकाशातल्या एका उणिवेवरून उमगले.

पण तो वायू किती दूर? मेघाला स्वतःचे अंतर सांगता येत नाही. तेव्हा त्याच दिशेचे, ज्ञात अंतरांचे तारे घ्यायचे. जवळच्या ताऱ्याच्या वर्णपटात सोडियमची रेषा नाही आणि दूरच्याच्या आहे, तर मेघ दोहोंच्या मध्ये. ही आपलीच पद्धत. फक्त शिलालेखांच्या जागी तारे.

आणि आपले धोकेही तिला आहेत. मेष राशीतला एमबीएम १२ हा मेघ १९८६ मध्ये सुमारे २१० प्रकाशवर्षांवर मानला गेला आणि सर्वांत जवळचा रेण्वीय मेघ म्हणून गाजला. अलीकडच्या मोजणीत, विशेषतः २०१३ साली सोडलेल्या गाइया यानाने ताऱ्यांची अंतरे दिल्यावर, तो सुमारे ८२० प्रकाशवर्षांवर निघाला. अंतर चौपट झाले की काढलेले वस्तुमान सोळापट होते. एक मर्यादा ढळली की मेघाचे सारे चरित्रच नव्याने लिहावे लागते. कवीच्या बाबतीत याहून वेगळे काय होते?

महाराष्ट्राचा या कथेतला वाटा जुन्नर तालुक्यातील खोडद येथे आहे. गोविंद स्वरूप यांच्या कल्पनेतून तेथे प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या ३० रेडिओ दुर्बिणी उभ्या राहिल्या. थंड हायड्रोजन २१ सेंटिमीटर लांबीच्या रेडिओ लहरी शोषतो. १९४४ मध्ये व्हान द हुल्स्ट यांनी या लहरींचे भाकीत केले आणि १९५१ मध्ये त्या सापडल्या. बंगळूरच्या रामन संशोधन संस्थेतील मोहन, द्वारकानाथ आणि श्रीनिवासन यांनी खोडदच्या दुर्बिणींनी आकाशगंगेच्या पट्ट्यापासून दूरच्या १०२ दिशांना हे शोषण पाहिले. निष्कर्ष २००४ मध्ये प्रसिद्ध झाले. मागचे स्रोत आकाशगंगेबाहेरचे, त्यामुळे अंतराची उत्तरमर्यादा निरुपयोगी इतकी दूर. हाती आले ते वेग, आणि त्यांत मेघांची दोन कुळे दिसली: एकाच्या वेगांचा विस्तार सेकंदाला सुमारे ७.६ किलोमीटर, दुसऱ्याचा सुमारे २१. हे दुसरे, चंचल कुळ जुन्या ताऱ्यांच्या स्फोटांनी ढकललेले असावे, असे त्यांनी सुचवले.