एवढीशी चावी, केवढा भार!

नगरहून तिसगावला येताना करंजीचा घाट लागतो. समजा, तिथंच उतारावर जुन्या गाडीची चावी आपोआप मागे फिरली तर? इंजिन बंद! ब्रेक कडक होतात, पॉवर स्टिअरिंग असेल तर तेही जड. आणि कारण काय, तर चावीमागचा झिजलेला स्विच.

पूर्वी ही भानगडच नव्हती. गाडीच्या पुढे उभं राहून हँडल मारायचं. ते उलटं फिरलं की मनगट मोडायचं. मग अमेरिकेत चार्ल्स केटरिंग यांनी विजेवरचा स्टार्टर बनवला. १९१२ च्या कॅडिलॅकमध्ये तो आला. १९४९ मध्ये क्रायस्लरनं चावी फिरवूनच स्टार्टर लागेल अशी सोय केली. हात वाचले, पण सगळा भार एका छोट्या स्विचवर आला.

तो भार किती? २०१४ मध्ये जनरल मोटर्सनं सदोष स्विचमुळे सुमारे २६ लाख गाड्या परत बोलावल्या. जड किचेननं किंवा धक्क्यानं चावी फिरायची, इंजिन बंद पडायचं आणि एअरबॅगही उघडायच्या नाहीत. भरपाई देताना १२४ मृत्यू मान्य झाले.

म्हणून चावी ढिली लागत असेल, हलवली की डॅशबोर्डचे दिवे जात-येत असतील, तर स्विच बदलूनच घ्या. काम सुरू करण्याआधी बॅटरीची निगेटिव्ह वायर काढायची, जोडण्यांचा मोबाईलवर फोटो घ्यायचा. आणि यात्रेतून आणलेलं ते जड किचेन? ते घरातल्या खुंटीलाच शोभतं!

भेटू पुढच्या भागात.